देणे बाकी

क्लबची वही माझ्याकडे असते.
वीज मंडळात एकतीस वर्षं आकडे लिहिले,
म्हणून सेक्रेटरी म्हणाले, डोंगरेजी, हेही तुम्हीच सांभाळा.
लाल कापडाची पाठ, आत निळ्या रेघा,
पहिल्या पानावर शाईने : गड्डीगोदाम ब्ल्यू स्टार.

इर्शाद, गोलकीपर : सामन्याला सहाशे.
सायलस, लेफ्ट बॅक : सहाशे,
त्यातून बुटांच्या उचलीचे पन्नास वळते.
उइके, मधली फळी : पाचशे.
का पाचशे?
त्याने मागितले नाहीत म्हणून.
ही ओळ माझ्याच अक्षरातली आहे.

मग लकडगंजचे शेठ आले, आरा मशीनवाले.
बाहेरून स्ट्रायकर आणला,
सीझनचे दोन लाख, धंतोलीत खोली,
सकाळी चार अंडी.
म्हणाले, हे मागच्या पानावर लिहा.
मी मागच्या पानावर लिहिलं
आणि पुढचं पान त्याला डिंकाने चिकटवलं.

नागपूरच्या एप्रिलला डिंकाशी काही देणंघेणं नसतं.

प्रॅक्टिस संपली होती.
सगळे तर्री-पोह्याच्या ठेल्यामागे, सावली होती तेवढ्यात.
उइकेने बाकावरची वही उचलली,
वारा घ्यायला, दुसरं काही नाही.
दोन-चार हेलकाव्यांत पान सुटलं.
त्याने वाचलं.
वारा घेत राहिला.
मग वही बंद करून माझ्या मांडीवर ठेवली,
दोन्ही हातांनी,
एखाद्याचं झोपलेलं मूल परत द्यावं तशी.

पुढचे पाच सामने
मी समासात पेन्सिलने एक नोंद ठेवली,
कोणी सांगितली नव्हती.
उइकेकडून स्ट्रायकरला पास :
तीन. एक.
शून्य. शून्य. शून्य.

पोरगा वाईट नव्हता हो.
हात वर करून धावायचा, जागा काढायचा,
अनोळखी लग्नात पंगत शोधणाऱ्या पाहुण्यासारखा
उभा राहायचा कोपऱ्यात.
हाफटाइमला संत्री सोलली जायची,
त्याच्याही तळहातावर फोडी पडायच्या.
संत्र्यात कधी दहा निघतात, कधी बारा,
तेवढंच कोणी मोजायचं नाही.

सेमीफायनल हरलो.
शेठ म्हणाले, काहून बे, दोन लाख पाण्यात?
पोरं म्हणाली, ऊन होतं.
म्हणाली, मैदान कडक होतं, रेफ्री तिकडचा होता.
पैशाचं नाव कोणी काढलं नाही.
मीही नाही.

शेठ गेले, स्ट्रायकर गेला, अंडी बंद झाली.
जूनमध्ये इर्शाद घरी आला, कूलरसमोर बसला.
म्हणाला, काका, कामठीवाले पंधराशे देऊन रायले.
मी त्याचं पान काढलं :
सात सामन्यांचे बेचाळीसशे बाकी.
तो म्हणाला, माझं नको. उइकेचं दाखवा.

बराच वेळ पाहिलं त्याने.
पाचशे?
मी चष्मा पुसला.
आधी याचे सहाशे करा, मग मी चाय पितो.

कमिटीला न विचारता केले.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मंजुरीआधी आकडा बदलला.
त्याने चहा प्यायला, दोन कप,
आणि कामठीला गेला.
अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा,
पंधराशे म्हणजे पंधराशे.

परवा त्यांच्याशीच सामना होता.
ऐंशीव्या मिनिटाला उइकेचा फटका,
खालच्या कोपऱ्यात, गोलच समजा,
आणि इर्शादने तो अडवला,
आमच्याकडे कधी अडवला नव्हता इतका सुंदर.
चेंडू छातीशी धरून पडून राहिला थोडा जास्तच.
उइकेने हात देऊन उठवला.
आमचा बाक टाळ्या वाजवायच्या की नाही
या विचारात.

वर्षअखेरीचा हिशेब मांडतोय.
इर्शादच्या नावापुढे बेचाळीसशे अजून तसेच.
तो मागायला येत नाही,
मला खोडवत नाही.
सेक्रेटरी म्हणतात, गेलेल्या माणसाचं खातं बंद करा.
मी म्हणतो, हो, करतो,
आणि नव्या वहीत
पुढे ओढलेली बाकी म्हणून
पहिल्याच पानावर त्याचं नाव उतरवतो.